लेकराचं वय कोर्टात ठरतं, पण नोंद गावात होते

खामगाव तालुक्यातील पाळा हे गाव नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यभर गाजले. तिथल्या आदिवासी आश्रमशाळेत अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. कर्मचाऱ्यांसह संस्थेशी संबंधित अनेकांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. लोकांचा संताप रास्तच होता. पण शिक्षा संतापाने होत नसते, पुराव्याने होते. आणि पुष्कळसा पुरावा गावातच उभा राहतो, नाहीतर गावातच बुडतो.

बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. ‘विधी’ या संस्थेने ४८६ जिल्ह्यांतील २,३०,७३० खटल्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. निकाली निघालेल्या खटल्यांपैकी शिक्षा झाली फक्त १४.०३ टक्क्यांत, तर ४३.४४ टक्क्यांत आरोपी निर्दोष सुटले. उरलेल्यांपैकी बरेच खटले दुसऱ्या न्यायालयात वर्ग झाले. शक्यतो एका वर्षात निकाल लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सरासरी ५०९ दिवस लागले.

म्हणजे जवळपास दीड वर्ष. एवढ्या काळात गावात काय होते, ते वेगळे सांगायला नको. आरोपी बहुधा ओळखीतलाच, कधी नात्यातला, कधी ज्याच्या वावरात मजुरीला जायचे त्याच्या घरचा. मग मधला माणूस येतो अन् म्हणतो, “पोरीचं लगन व्हायचं हाये, मिटवून टाका.” साक्षीदार फिरतो, माय-बाप गप्प होतात. वास्तविक असा गुन्हा आपसात मिटवण्याची मुभा कुणालाच नाही, पंचांना नाही आणि आई-वडिलांनाही नाही.

दुसरा अडसर वयाचा. पोक्सो लागतो १८ वर्षांखालील बालकासाठी, तेव्हा वय शाबीत व्हावेच लागते. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र आधी पाहतात. ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये एका खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला व प्रवेश नोंदवहीचा उतारा वयाला पुरेसा धरला नाही, आणि पोक्सोखालची शिक्षा टिकली नाही. शाळेत अंदाजाने टाकलेली १ जूनची तारीख किती महाग पडू शकते, हे यावरून कळावे. जन्माची नोंद २१ दिवसांत करणे हे केवळ रेशनकार्डापुरते काम नव्हे.

गावकामगारांनी आणखी एक लक्षात ठेवावे. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत. हे सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, अंगणवाडीताई साऱ्यांना लागू आहे.

लेकराला ठाण्यात नेऊन बसवण्याची गरज नाही. जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्र रात्र ठाण्यात ठेवण्यास बंदी आहे. नाव कुठे छापता येत नाही, चावडीवरही त्याची चर्चा नको. १०९८ हा फोन फुकट लागतो.

लेकरू काही सांगू लागले तर आधी ऐकून घ्या, त्याच दिवशी तक्रार द्या. आणि शेवटी निकाल लागेपर्यंत त्या घराच्या पाठीशी उभे राहा.