जरा एक चक्कर मारून बघतो!

दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे दोन मुहूर्त आले की आपल्याकडे घरोघरी नवी वाहने येतात. नव्या गाडीला झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू आणि शेजाऱ्यांना पेढे, असा सारा थाट होतो. त्याच वेळी जिन्याखाली जुनी स्कूटर अंग चोरून उभी असते. तिला आता गिऱ्हाईक पाहायचे असते. जाहिरात द्यावी, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या कानावर घालावे, की दोन दिवसांत माणसे येऊ लागतात, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "जरा एक चक्कर मारून बघतो!"

स्वतःच्या दोन आणि आप्तेष्टांच्या चार-पाच स्कूटरी विकून देण्याचे काम आजवर माझ्याकडे आले. त्या अनुभवावरून सांगतो, व्यवहाराची खरी परीक्षा किमतीच्या घासाघिशीत नसते. ती या चकरेत असते.

चक्कर मागण्यात गैर काहीच नाही. आपण माठसुद्धा टिचकी मारल्याशिवाय घेत नाही! एके काळी मात्र गिऱ्हाइकाला एवढी ऐट परवडत नसे. बजाजची चेतक १९७२ साली आली, आणि पुढे कितीतरी वर्षे नंबर लावून वाट पाहणे हाच तिच्या खरेदीचा मुख्य भाग होता. आज परिस्थिती उलटी आहे. गाड्या मुबलक, गिऱ्हाईक चोखंदळ. तेव्हा चक्कर द्यावीच लागते, आणि ती द्यावीही. प्रश्न एवढाच, की कशी द्यावी?

माठावर टिचकी मारताना माठ आपल्या डोळ्यांसमोर असतो. स्कूटर मात्र वळणापलीकडे दिसेनाशी होते. त्या दहा मिनिटांत तिच्यावर माणूस दुसरा असतो आणि कागदावर नाव आपले असते. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अल्पवयीन मुलाच्या हाती दिली, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड! वाटेत कोणाला धक्का लागला आणि चालवणाऱ्याकडे परवाना नसला, तर विमा कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. विम्याची मुदतच संपलेली असली, तर बोलायलाच नको.

मालवणच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर पाण्यातली स्कूटर आपण पाहिली असेल. तिच्यावर बसणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक पिळाची दोरी अडकवलेली असते. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद होते. जमिनीवरच्या स्कूटरला अशी दोरी नाही. ती विकणाऱ्याने स्वतः बांधावी लागते.

माझी पद्धत अशी. गिऱ्हाईक येण्यापूर्वी मी इंजिन मुद्दाम गरम करून ठेवीत नाही. थंड गाडी किती किकांत सुरू होते हे त्याला पाहू द्यावे. गरम गाडी दाखवली की शहाण्या माणसाच्या मनात लगेच पाल चुकचुकते. ब्रेक, दिवे आणि चाकांतली हवा आदल्या दिवशीच तपासतो, कारण परक्या हाताला आपल्या ब्रेकची सवय नसते. गाडीचे दोषही आधीच सांगून टाकतो. "दुसरा गिअर जरा हट्टी आहे, क्लच पुरता दाबा," असे सांगितल्याने किंमत पाचशे रुपयांनी उतरेल. पण भर चौकात गाडी अडून माणूस गोंधळणार नाही.

मग परवाना. मूळ कार्ड किंवा डिजिलॉकरमधला, कोणताही चालतो. पण तो मी डोळ्यांनी पाहतो. त्यावर कोणत्या वाहनाची परवानगी आहे तेही वाचतो, कारण बिनगिअरच्या गाडीचा परवाना गिअरच्या स्कूटरला चालत नाही. डोक्यावर हेल्मेट हवेच. वाट मी ठरवून देतो: एक चढ, एक गतिरोधक, एक मोकळा सरळ रस्ता आणि परत. आणि तो ज्या गाडीवरून आला तिची किल्ली, किंवा बरोबरचा माणूस, तेवढ्या वेळापुरता माझ्याकडे थांबतो. चहा होतोच.

यावर कोणी रागावत नाही का? क्वचित रागावतात. एकदा एक गृहस्थ सोळा-सतरा वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन आले. गाडी त्यांनाच घ्यायची होती, पण म्हणाले, "चक्कर हाच मारील. आमच्यापेक्षा छान चालवतो!" मी म्हटले, "काका, तुम्ही चालवा, तो मागे बसून पाहील." काकांचा चेहरा पडला. "तुमचा विश्वास नाही वाटतं आमच्यावर?" असेही म्हणाले. मी सांगितले, "विश्वास तुमच्यावर आहेच, रस्त्यावर नाही." शेवटी काकांनीच चक्कर मारली आणि गाडी घेतलीही. मुलगा मात्र माझ्याकडे अखेरपर्यंत रागाने पाहत होता. ते मला चालले. त्याच्या आईला दवाखान्यातून फोन करण्यापेक्षा त्याचा राग पुष्कळ स्वस्त!

सौदा ठरला म्हणजे दोरी सोडली असे मात्र समजू नये. पुष्कळ जण पैसे घेतात, किल्ली देतात आणि मोकळे होतात. ही सर्वांत लांबलेली चक्कर! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती. पण कागद जिथल्या तिथे राहिले, आणि भरपाईची जबाबदारी मूळ मालकाकडे आली. म्हणून नमुना २९ आणि नमुना ३० यांवर सह्या समोरासमोर व्हाव्यात. त्याच राज्यात गाडी विकली असेल, तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. विमा कंपनीलाही कळवावे.

हे सगळे कठीण नाही. अडते ते भिडेपाशी. समोरचा माणूस सभ्य दिसतो, कोणाच्या तरी ओळखीने आलेला असतो, त्याच्याकडे परवाना कसा मागायचा? आणि त्या संकोचात आपण हजारो रुपयांची वस्तू, कायद्याची जबाबदारी आणि एका परक्याचा जीव, तिन्ही एका किल्लीबरोबर देऊन टाकतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटले नाही. सभ्य गिऱ्हाइकाला परवाना मागितल्याचे वाईट वाटत नाही. उलट, इतक्या काळजीच्या माणसाची गाडी नीट ठेवलेली असणार, असेच त्याच्या मनात येते. आणि ज्याला वाईट वाटते, त्याला चक्कर न देणे हेच उत्तम!

या पाडव्याला आपल्या जिन्याखालची जुनी स्कूटर चांगल्या घरी जावो, कागदपत्रांसकट!