प्रार्थनेनंतर काय?

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे नांदेड-लातूरच्या गल्ल्यांतून फिरताना मोठी गंमत वाटते. एका घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारचा महालक्ष्मीचा घट मांडलेला असतो. लातूरकडच्या बायकांना येळवसच्या आंबिलीचे आणि भज्जीचे वेध लागलेले असतात. आणि मधूनच एखाद्या दारावर नाताळची कागदी चांदणी लुकलुकत असते. देव वेगळे, पद्धती वेगळ्या, पण मागणं? ते मात्र सगळीकडे सारखंच! लेकराला नोकरी लागू दे, मालकाची दारू सुटू दे, पोरीला चांगलं घर मिळू दे, औंदा पाऊस वेळेवर येऊ दे.

मागण्यात चूक काहीच नाही. आपण बायकांनी मन मोकळं करायचं तरी कुणाजवळ? पण मैत्रिणींनो, एक प्रश्न मला नेहमी पडतो. प्रार्थना संपते, आपण उठतो, पदर सावरतो. त्यानंतर काय?

हा प्रश्न नाताळच्या निमित्ताने विचारावासा वाटतो, कारण ख्रिस्ती धर्मात त्याचं उत्तर फार सरळ दिलेलं आहे. येशूच्या डोंगरावरच्या उपदेशात दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. प्रार्थना करायची ती खोलीचं दार लावून, लोकांनी पाहावं म्हणून नाक्यावर उभं राहून नव्हे, ही एक. आणि दिवा लावला तर तो झाकून ठेवायचा नाही, घरातल्या सगळ्यांना उजेड मिळेल असा ठेवायचा, ही दुसरी. म्हणजे देवाशी बोलणं एकांतात, आणि त्यातून आलेला चांगुलपणा मात्र चार माणसांच्या उपयोगाला.

आपण काय केलं? नेमकं उलटं! देवाशी बोलणं लाऊडस्पीकरवर आणलं आणि चांगुलपणा घरात कोंडून ठेवला. सख्ख्या भावाला फसवणार नाही असा माणूस ऑफिसच्या खुर्चीत बसला की टेबलाखालून हात पुढे करतो. उपवासाला पाण्याचा थेंब न घेणारी बाई कामवालीला मात्र फुटक्या कानाच्या वेगळ्या कपात चहा देते. यात कुठलाच धर्म मागे नाही. ख्रिस्ती मंडळीतही पहिल्या बाकावरून रुसवेफुगवे होतात, कमिटीची भांडणं कोर्टापर्यंत जातात. सगळ्यांच्या चुली मातीच्याच!

कुणी म्हणेल, आपल्या भागात ख्रिस्ती माणसं आहेत तरी किती? खरं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्रात हा समाज जेमतेम एक टक्का, आणि नांदेड-लातूर जिल्ह्यांत तर त्याहूनही कमी. पण दवाखान्यात गेलात की नर्सला तुम्ही काय हाक मारता? ‘सिस्टर’! ती पाटलाची लेक असो, कांबळ्यांची असो की शेखांची असो, आपल्या तोंडी ‘सिस्टर’च. युरोपात आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींना ‘सिस्टर’ म्हणत, तिथून ही हाक आली. प्रार्थनेचं व्रत घेतलेल्या बायका वॉर्डात उतरल्या आणि त्यांचं नाव त्या कामालाच चिकटलं. प्रार्थनेनंतर काय, याचं एक उत्तर आपण रोज नकळत उच्चारतो, नाही का?

दुसरं उत्तर आपल्या मराठी मातीतलंच आहे. पंडिता रमाबाई! शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात, त्या पाठ करून आपण विसरतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत या मुलीने आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. पुढे संस्कृतची पंडिता म्हणून कीर्ती मिळाली, लग्न झालं, पण थोड्याच काळात वैधव्य आलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा स्वतः मध्य प्रांतात जाऊन भुकेने सुकलेल्या मुली-बायका त्यांनी गोळा करून आणल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथे उपासना रोजची होती, पण नुसती उपासना नव्हती. शेती, विणकाम, गाईगुरं, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि त्याची छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, बाई शिकली की नवरा मरतो म्हणणाऱ्या काळात!

पण मला त्यांची सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांचे हाल होत होते, त्यांच्या अब्रूची काळजी घेतली जात नव्हती. रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलीही त्यात सापडल्या. रमाबाई काय करू शकल्या असत्या? गुडघे टेकून प्रार्थना केली असती आणि गप्प बसल्या असत्या. राज्य इंग्रजांचं, ख्रिस्ती माणसांचं. आश्रमाला पैसे देणारेही बरेचसे परदेशातले ख्रिस्ती. गप्प बसणंच सोयीचं होतं. पण त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात जाहीर पत्र लिहिलं आणि सरकारी व्यवस्थेचे वाभाडे काढले. त्याची चर्चा विलायतेपर्यंत पोहोचली. गव्हर्नरांनी आरोप नाकारले, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत. माझ्या मते ते पत्रही प्रार्थनाच होती, फक्त पत्ता देवाचा नव्हता.

आता कुणीतरी म्हणणारच, की अहो, हे सगळं धर्मांतरासाठी चालायचं! हा आक्षेप टाळून पुढे जाणं बरं नाही. शारदा सदनात धर्माचा आग्रह धरणार नाही, असं आश्वासन होतं. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं. रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या हातात कुणाचं जेवण आणि छप्पर आहे, त्यांनी आपला देव दाखवताना दहा वेळा विचार करायलाच हवा. उपाशी माणसाला ‘नको’ म्हणणं फार जड जातं! पण याच रमाबाई इंग्लंडमध्ये असताना तिथल्या धर्मगुरूंनाही जुमानत नव्हत्या. मुलग्यांना शिकवू नका असं बिशपांनी सांगितलं तर त्यांनी वाद घातला. देव आणि मी यांच्यामध्ये माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, तिथे तिसऱ्याचं काम नाही, अशी त्यांची वृत्ती. अशी बाई दुसऱ्याच्या विवेकालाही तितकाच मान देते की नाही, यावरच तिची पारख व्हावी. आणि ही कसोटी फक्त ख्रिस्ती माणसांना नाही, सेवा करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

रमाबाई फारच मोठ्या वाटत असतील तर लक्ष्मीबाई टिळकांकडे बघू या. त्या तर तुमच्या-आमच्यासारख्या. शाळेत न गेलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याने, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत नांदायला आल्या तरी सोवळं सोडलं नव्हतं. मग हळूहळू, कुणी प्रवचन दिल्याने नव्हे तर स्वतःच्या डोक्याने विचार करून, जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे, हे त्यांना पटलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसून पुरेवाट होते, पण त्या हसण्याखाली केवढं मोठं काम आहे! पाण्याच्या घागरीपासून आणि ताटापासून त्यांचा धर्म बदलला. बायकांच्या चांगुलपणाची परीक्षा बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच होते. टिळकांनी तर ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या वाटेने मराठीत आणली, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

हे झालं जुनं. आपल्या गावात या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. हजारो माणसं गेली. त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी मदतीला आलेल्यांनी धर्म विचारला नाही. त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या, आणि अनाथ झालेल्या सुमारे १,२०० मुलांना शिकवण्याची जबाबदारी भारतीय जैन संघटनेने पुण्यात घेतली. नांदेडच्या हुजूर साहिबला लंगरमध्ये पोळ्या लाटणारे आणि भांडी घासणारे हात आपण नेहमी पाहतो. म्हणजे संकटात आणि देवाच्या दारात आपला चांगुलपणा बाहेर येतो. प्रश्न आहे तो रोजच्या दिवसाचा.

योगायोग बघा, बरोबर तीस वर्षांनी, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत, नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधं कमी, माणसं कमी, असे आरोप झाले. प्रशासनाने औषधांचा तुटवडा नाकारला. एका खासदारांनी कॅमेऱ्यांसमोर प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आपण काय केलं? हळहळलो, हात जोडले, मोबाईलवर मेणबत्तीची चित्रं पाठवली. चार दिवसांत विसरलोही. रिकाम्या जागा किती, इन्क्युबेटर किती, एका सिस्टरच्या वाट्याला बाळं किती, हे आपल्यातल्या कितीजणींनी विचारलं?

लातूरलाही २०१६ साली तेच. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर! पावसासाठी त्या वर्षी सगळ्याच देवांना साकडं घातलं असेल. पण पाऊस आल्यावर किती विंधन विहिरींचं पुनर्भरण झालं, हेही देवानेच मोजायचं का?

माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, ख्रिस्ती, साठीच्या पुढच्या. दर शुक्रवारी त्यांची उपवास-प्रार्थना असते, आणि ती झाली की त्या सरकारी दवाखान्यात जाऊन बसतात. खेड्यातून आलेल्या बाईला केसपेपर कुठे काढायचा ते दाखवतात, औषध बाहेरून आणायला सांगितलं तर ‘का बरं?’ म्हणून काउंटरवर विचारतात. कुणाला येशूचं नाव सांगत नाहीत. मी म्हटलं, “काकू, या वयात कशाला दगदग?” तर म्हणाल्या, “प्रार्थना करून करून गुडघे दुखतेत बाई. मग म्हणलं, तेच गुडघे घेऊन जरा हिंडून तरी यावं!”

मैत्रिणींनो, यापेक्षा जास्त काही सांगायचं नाही. तुमचं भजनी मंडळ असेल, बचत गट असेल, इज्तेमा असेल, बुद्धवंदना असेल, नाहीतर चर्चचं भगिनी मंडळ. दर महिन्याला जमताच ना? मग शेवटची पंधरा मिनिटं एका कामासाठी ठेवा. गावात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिला जा आणि एक प्रश्न विचारा. रुग्ण कल्याण समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, हे विचारा. अंगणवाडीचा खाऊ चाखून बघा. आणि घरी, त्या फुटक्या कानाच्या कपाचंही बघा! हे करताना फोटो नको, बॅनर नको. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताला कळू नये, हेही त्याच डोंगरावरच्या उपदेशात आहे.

या नाताळला शेजारणीकडे केक खायला जाल, तिला तिळगूळ द्यायला बोलवाल. जरूर जा, जरूर बोलवा. पण निघताना तिला एवढं विचाराल का, की सोमवारी जरा माझ्यासोबत दवाखान्यात येतेस?