किल्ला कुणी बांधायचा?

दिवाळी तोंडावर आली की शहरांतील बाजारपेठांत आकाशकंदिलांच्या शेजारी आता तयार किल्लेही मांडलेले दिसतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, रंगवलेले, तट-बुरुजांसह, पिशवीत घालून घरी नेता येतील असे. सहामाही परीक्षा संपताच विटा, दगड, गोणपाट गोळा करावेत, कुठून तरी लाल माती आणावी, कपडे चिखलाने माखून घ्यावेत आणि अळीव किंवा मोहरी पेरून डोंगर हिरवा करावा, ही महाराष्ट्रातील मुलांची स्वतःची परंपरा होती. ती त्यांच्या हातून कुणा परक्याने हिरावलेली नाही. घरच्यांनीच, आणि तीही प्रेमापोटी, काढून घेतली आहे. गृहसंकुलांतील किल्लेस्पर्धांचे चित्रही फारसे वेगळे नाही. तेथे किल्ला बहुधा बाबा बांधतात, राजगडाच्या माच्या नकाशाबरहुकूम उतरतात आणि मुले पारितोषिकाच्या छायाचित्रापुरती पुढे येतात. एखाद्या चार वर्षांच्या बाळाने महादरवाजासमोर आपली बस उभी केलीच, तर ‘शिवकाळात बस नव्हती’ असे सांगून ती उचलली जाते.

इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनी येथे थोडे थांबावयास हवे. इतिहास सांगण्यासाठी पुढे पुष्कळ वर्षे आहेत. त्या वयाच्या मुलाचे प्रश्न निराळे असतात. चढ का ढासळतो, माती किती भिजवली म्हणजे धरून राहते, गुहेचे छत कशाने टिकते, हे त्याला हवे असते आणि त्याची उत्तरे बोटांनाच मिळतात. दरवाजासमोरची बस ही चूक नव्हे. पाहिलेल्या दोन जगांची त्याने स्वतःच्या बुद्धीने घातलेली ती सांगड आहे.

हा प्रश्न दिवाळीपुरता नाही. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात खेळण्यांचा ढीग आणि त्याच्याकडे पाठ फिरवून स्वयंपाकघरातील डबे उपसणारे मूल, हे दृश्य बहुतेक मध्यमवर्गीय घरांत नित्याचे आहे. यात मुलाचा विवेक दिसतो. कळ दाबताच गाणारी मोटार एकच गोष्ट करते आणि मूल तिचे प्रेक्षक होते. रिकामा डबा मात्र आज ढोल असतो, उद्या टोपी, परवा बाहुलीची न्हाणी. जुन्या साडीचा तंबू होतो, उशांची आगगाडी होते, कपड्यांच्या चिमट्यांची माणसे होतात, कणकेच्या गोळ्यातून साप आणि लाडू एकाच हाताने निघतात. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात व्हायचा तो याच न्यायाने. एक वस्तू दुसरीच्या जागी मानता येणे ही लहान गोष्ट नाही; पुढे अक्षर हे ध्वनीच्या जागी आणि अंक हा संख्येच्या जागी मानावयाचा असतो, त्याची पूर्वतयारी येथे होते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले की, पसरट भांड्यातील पाणी उंच पेल्यात ओतले म्हणजे ते वाढले, असेच लहान मुलाला साधारणतः सहा-सात वर्षांपर्यंत वाटते. ही समजूत व्याख्यानाने बदलत नाही. शेकडो वेळा ओतावे लागते, सांडावे लागते.

शाखेच्या मैदानावर खेळाला साहित्य लागत नाही, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. परंतु तेथे नियम असतात, शिट्टी असते. तीन-चार वर्षांच्या मुलाचा खेळ त्याच्याही अलीकडचा आहे. त्यातील नियम मूलच करते आणि मोडते. शिस्तीची घाई येथे कामाची नाही.

खेळण्यांच्या संदर्भात स्वदेशीचा विचार गेल्या काही वर्षांत जोमाने पुढे आला, तो स्वागतार्हच आहे. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेची सक्ती आली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना घरात मानाची जागा मिळावी, हेही योग्यच. मात्र चिनी प्लास्टिकच्या जागी देशी प्लास्टिक आले आणि कळ दाबण्याचा प्रकार तोच राहिला, तर मुलाच्या दृष्टीने काय बदलले? शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा रोहसेन मातीच्या गाडीसाठी नाक मुरडतो आणि वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या गाडीत भरते. बालहट्ट पुरवणारे तेच दागिने पुढे बापावर बालंट आणतात. आजच्या पालकांवर हप्त्यांपलीकडे काही ओढवत नाही, एवढाच काय तो फरक!

या देशात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांनी हे कधीच ओळखले होते. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच साधने केली. अंगणात भरणाऱ्या त्या शाळेचे ‘अंगणवाडी’ हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोहोचले. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० पायाभूत टप्प्यात खेळाधारित शिक्षणाचा आग्रह धरते, ते या वाटेला धरूनच आहे.

अडचणी खऱ्या आहेत. दोघेही नोकरीला, घर दोन खोल्यांचे, सांडलेले टिपावयास आजी जवळ नाही. अशा वेळी मोबाईल हातात देणे सोपे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच स्पष्ट केले की, दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाहून अधिक नको. त्याऐवजी ओट्याखालचा एक कप्पा मुलाचा म्हणून मोकळा करता येतो. त्यात चेपलेली पातेली, वाट्या, पळी, करवंट्या, झाकणे, कापडाचे तुकडे एवढे पुरे. मोठ्यांनी जवळपास असावे आणि ‘हे काय केलेस?’ असे विचारण्याचा मोह आवरावा. मुलाला ते नेहमी ठाऊक असतेच असे नाही. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मात्र चिंचोके, मणी, राजमा देऊ नये. या वस्तू नाकात किंवा घशात जातात. घड्याळातील चपट्या बॅटऱ्या तर कोणत्याच लहान मुलाच्या हाताला लागता कामा नयेत. भरलेली बादली आणि एकटे मूल हेही नको.

राहिला प्रश्न सेवावस्तीतील बालवाड्यांचा. वाढदिवसानिमित्त तेथे खेळण्यांचे संच देणारे दाते पुष्कळ असतात आणि त्यांची भावना निर्मळ असते. पण महाग संच मोडेल या भीतीने कपाटात कुलूपबंद होतो आणि पाहुणे आले की बाहेर निघतो. त्याऐवजी दोन घमेली वाळू, पाण्याचा टब, जुन्या साड्या आणि आपापल्या स्वयंपाकघरातील निकामी भांडी दिली, तर बालवाडीच्या ताईला कुलूप घालावे लागणार नाही.