केंद्रे मोजली, मुले कधी मोजणार?

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
आणि माननीय प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई



दिव्यांग मुलांच्या शिक्षणाबद्दलची निवेदने आपल्या विभागाला नवी नाहीत. पालकांनी दिली, शिक्षकांनी दिली, संघटनांनी दिली. त्यांतल्या बहुतेकांचे भवितव्य ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ या शेऱ्यापाशी संपते. म्हणून कायदा काय म्हणतो आणि न्यायालय काय म्हणाले हे आपल्याला पहिल्यापासून समजावून सांगण्याची गरज नाही. हे पत्र एका आकड्याबद्दल आहे आणि तो आकडा आपल्याच विभागाचा आहे: ४,८६०. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली विशेष शिक्षकांची एवढी पदे निर्माण करायला मान्यता दिली. वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर राबलेल्या सुमारे तीन हजार विशेष शिक्षकांना या पदांवर सामावून घेण्याचा निर्णय झाला. तो त्यांचा हक्कच होता आणि तो मिळाला याचा आनंद आहे. पण ही संख्या आली कुठून? राज्यात शाळांची समूह केंद्रे ४,८६०, केंद्रप्रमुखांची मंजूर पदे ४,८६०, म्हणून विशेष शिक्षकही ४,८६०. किती मुलांना दिसत नाही, किती मुलांना ऐकू येत नाही, किती स्वमग्न आहेत, किती बौद्धिक दिव्यांग आहेत, यांतले काहीही या आकड्यात नाही. विभागाने प्रशासनाचा नकाशा समोर ठेवला आणि प्रत्येक खुणेवर एक शिक्षक लिहिला.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र माप वेगळे दिले होते. रजनीश कुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निकालात पहिली ते पाचवीसाठी दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी पंधरा मुलांमागे एक, असे प्रमाण सांगितले गेले आणि त्यानुसार कायमस्वरूपी पदे निर्माण करायला सांगितले गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने हेच प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत घातले. म्हणजे ते प्रमाण आता नुसती न्यायालयाची सूचना उरलेले नाही, कायद्याचा भाग झाले आहे. एका शिक्षकाने समूहातल्या अनेक शाळांत फिरावे, ही सोय त्याच निकालात आहे, हे खरे. पण ती पुरेसे शिक्षक उपलब्ध होईपर्यंतची, मधल्या काळापुरती सोय होती. आपल्या विभागाने तात्पुरती सोय उचलली आणि तिलाच कायमचा आकृतिबंध करून टाकले. ७ मार्च २०२५ रोजी याच प्रकरणात न्यायालयाला राज्यांना पदे अधिसूचित करण्यासाठी काही आठवड्यांची मुदत घालून द्यावी लागली. निकालानंतर सव्वातीन वर्षे उलटली तरी अशी मुदत घालावी लागते, यावरून राज्यांच्या शिक्षण विभागांनी हा विषय किती मनावर घेतला ते दिसते.

आता हिशेब करू. हा हिशेब आपल्या विभागाने करायला हवा होता. ४,८६० पदांपैकी एकही रिक्त नाही असे धरले आणि सगळी मुले वरच्या वर्गांतलीच आहेत असेही धरले, तरी पंधराच्या प्रमाणात ही पदे ७२,९०० मुलांना पुरतात. सगळी मुले प्राथमिकची धरली तर ४८,६०० मुलांना. राज्यातल्या शाळांत दोन कोटींहून अधिक विद्यार्थी आहेत. २०२१-२२ च्या यूडायस या शालेय माहिती अहवालानुसार देशभरात शाळेत दाखल असलेली विशेष गरजा असणारी मुले २२ लाख ६७ हजार होती, म्हणजे हजार विद्यार्थ्यांमागे जेमतेम साडेआठ-नऊ. हेच प्रमाण महाराष्ट्राला लावले तर किमान एक लाख सत्तर हजार मुले होतात आणि त्यांच्यासाठी पंधराच्या सवलतीच्या प्रमाणातही अकरा हजारांहून अधिक शिक्षक लागतात. शिवाय ही फक्त नोंद झालेली मुले. २०११ च्या जनगणनेनुसार एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांत दिव्यांगांचे प्रमाण हजारी सतरा होते आणि त्या जनगणनेने दिव्यांगत्वाचे आठच प्रकार विचारले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात प्रकार एकवीस आहेत, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आल्या. हजारी सतरा आणि हजारी नऊ यांच्यामधली मुले कुठे आहेत? काही घरी बसली आहेत. काही वर्गात आहेत, पण त्यांच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसला आहे, कारण त्यांची अडचण ओळखणारा माणूसच शाळेत कधी आला नाही.

आणि जो माणूस येतो, त्याच्या वाट्याला काय येते तेही पाहा. राज्यात एक लाख आठ हजारांच्या आसपास शाळा आहेत. केंद्रामागे बावीस पडतात. खासगी शाळा सगळ्या बाजूला ठेवून फक्त सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पासष्ट हजारांच्या घरातल्या शाळा धरल्या तरी तेरा. प्राथमिक शाळेचे कामाचे दिवस वर्षाला दोनशे. म्हणजे एका शाळेला वर्षातून पंधरा दिवस आणि सगळ्या शाळा धरल्या तर नऊ. त्यातही मोजमाप शिबिरे, प्रमाणपत्रांसाठी जिल्हा रुग्णालयाच्या खेपा, ऑनलाइन माहिती भरणे आलेच. ब्रेल महिन्याला एका भेटीत शिकता येत नाही. खुणांची भाषा रोजच्या सहवासाशिवाय येत नाही. स्वमग्न मुलाला एका माणसाची सवय व्हायलाच काही आठवडे जातात. बाकीचे सर्व दिवस हे मूल वर्गशिक्षकाच्या हवाली असते आणि साठ पटापर्यंतच्या आपल्या शाळांत तो शिक्षक आधीच दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळत असतो. ‘अशा मुलामुळे इतरांचा अभ्यास मागे पडतो’ अशी त्याची तक्रार येते. ती ऐकून राग येतो, पण तिच्यातली दमणूक खरी आहे. तिचा निष्कर्ष मात्र मुलाला बाहेर काढा असा होत नाही. त्या वर्गात दुसरा प्रशिक्षित माणूस द्या, असा होतो.

विभागाकडून मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, पैसा नाही. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणासाठी प्रति मूल वर्षाला साडेतीन हजार रुपयांचे प्रमाण आहे. दिवसाला दहा रुपयेसुद्धा होत नाहीत. हे प्रमाण केंद्राने ठरवले असेल, पण त्यापुढे राज्याने स्वतःचा पैसा घालू नये असे कुठल्याही नियमात नाही. दुसरे उत्तर, प्रशिक्षित उमेदवार मिळत नाहीत. उमेदवार कसे मिळणार? ज्या अभ्यासक्रमानंतर अनेक वर्षे कंत्राटी मानधनावरच काम करावे लागते, तिकडे हुशार मुले वळतील अशी अपेक्षा कशी करायची? आधी पदे जाहीर करा, भरतीचे वेळापत्रक द्या, मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या महाविद्यालयांतल्या जागा किती भरतात ते पाहा. तिसरे उत्तर सर्वांत जुने आहे: विशेष शाळा आहेत ना, त्यांना तिकडे पाठवा. विशेष शाळांचे काम मोठे आहे आणि कर्णबधिर किंवा दृष्टिहीन मुलांच्या अनेक पालकांना त्याच हव्या असतात. पण २०१६ च्या कायद्याचे कलम ३१ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांतली निवड देते. ही निवड मुलाची आहे, मुख्याध्यापकाची नाही. तीच गोष्ट घरी राहून शिकण्याच्या पर्यायाची. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तो तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना हक्क म्हणून दिला, शाळेला सुटका म्हणून नाही. अक्कलकुवा किंवा एटापल्लीच्या सहा वर्षांच्या मुलापुढे दूरच्या शहरातले वसतिगृह किंवा घरचा उंबरा एवढेच ठेवले, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. चांगले झाले. पण दिव्यांग मुलांचे काम म्हणजे त्या विभागाचे काम, असा समज आपल्या विभागात वाढता कामा नये. सर्वसाधारण शाळेच्या पटावर ज्याचे नाव आहे तो आपला विद्यार्थी आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ ने इमारत, शिकवण्याची पद्धत, वाहतूक, आवश्यक त्या सोयी हे सगळे शाळांनी पुरवावे यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. २०२१-२२ च्या त्याच यूडायस अहवालात देशातल्या निम्म्या शाळांतही कठड्यासह रॅम्प नव्हता आणि दिव्यांग मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह सुमारे २७ टक्के शाळांतच होते. तरीही रॅम्पबद्दल इथे अधिक लिहीत नाही. तो सिमेंटचा असतो, त्याचे बिल निघते, छायाचित्र काढता येते, म्हणून आज ना उद्या तो होईल. शिक्षकाचे तसे नाही. रॅम्पवरून वर्गात पोचलेल्या मुलाला तिथे कोणीच शिकवत नसेल, तर त्याला फक्त बसायला जागा मिळाली.

त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ ने दिव्यांग मुलांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी करायला सांगितले आहे आणि पहिले तर कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत. त्याचे आकडे पदनिर्मितीचा आधार का झाले नाहीत, याचे उत्तर आपण द्यायचे आहे. मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्यातली दिव्यांग मुलांची प्रकारवार संख्या, त्यापुढे दहा आणि पंधराच्या प्रमाणात निघणारी विशेष शिक्षकांची पदे आणि त्यापुढे प्रत्यक्ष भरलेली पदे, असा तीन रकान्यांचा तक्ता येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी जाहीर करा आणि जितकी पदे कमी पडतील तितक्यांची जाहिरात त्याच दिवशी काढा.