मोजणीत आठ, नकाशात शून्य!



महामार्गावर गाड्यांची कोंडी होते म्हणून रस्ता रुंद करायचा, चौकात गाड्या अडतात म्हणून वरून-खालून वळणारा इंटरचेंज बांधायचा, असे सरकार सांगते. आम्ही रस्त्याचे वैरी नाही. आमचा कापूस जिनिंगला आणि ज्वारी बाजार समितीत रस्त्यानेच जाते. आमचे भांडण रस्ता आखणाऱ्याच्या हिशेबाशी आहे.

हा हिशेब कसा मांडतात ते एकदा नीट समजून घेऊ. रस्त्याच्या कडेला माणसे बसवून सलग सात दिवस, रात्रंदिवस वाहने मोजायची. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेने १९७२ साली घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे ही मोजणी वर्षातून दोनदा करायची, आणि त्यातली एक सुगीच्या व माल विक्रीच्या ऐन हंगामात. म्हणजे आमचा माल घराबाहेर पडतो तेव्हा! मग प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या मापात रूपांतर करायचे. त्याच संस्थेच्या १९९० सालच्या पुस्तिकेत कोष्टक आहे : मोटार १, ट्रक किंवा बस ३, ट्रॉलीचा ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी ८. बैलगाडी हळू चालते, मागच्यांना अडवते, म्हणून आठ. सपाट मुलखातल्या दोन पदरी रस्त्याला त्या पुस्तिकेने दिवसाचे माप दिले १५,०००. बेरीज त्याच्या वर गेली की रस्ता अपुरा.

म्हणजे कापसाच्या शंभर गाड्या निघाल्या की कागदावर आठशे मोटारी झाल्या. कोंडी सिद्ध करायची तेव्हा आमचे बैल आठपट मोठे. पण रुंदीकरणाचा नकाशा टेबलावर येतो तेव्हा ही बैलगाडी कुठे असते? मधे दुभाजक उभा राहतो आणि पांदण त्याच्यापाशी येऊन संपते. पलीकडच्या शिवारात डवरणीला जायचे तर लांबच्या फाट्यापर्यंत जा आणि वळून या, नाहीतर जीव मुठीत धरून उलट्या दिशेने गाडी हाका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर तर बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला पाय ठेवायलाच मनाई. वेगाच्या रस्त्यावर हळू वाहन नको, हे आम्हाला कळते. मग हळू वाहनाचा रस्ता त्याच नकाशात, त्याच खर्चात का नको?

आता जमिनीचे पाहू. चौपदरी महामार्गाला ६० मीटर रुंदीचा पट्टा धरतात. जुन्या रस्त्याची हद्द ३० मीटर असेल तर दर किलोमीटरला नवी ३ हेक्टर, म्हणजे साडेसात एकरांच्या आसपास जमीन जाते. इंटरचेंजच्या वळणांना लागते ती वेगळी. गेलेल्या पट्ट्याची निदान मोजणी होते. उरलेल्या तिरक्या तुकड्यात औत वळत नाही, भरावाने अडलेले पाणी कपाशीत साचते, विहीर एका बाजूला आणि वावर दुसऱ्या बाजूला राहते. याचा हिशेब कोण करतो? कोंडी फुटते शहरवाल्यांची आणि किंमत मोजतो कोरडवाहू शेतकरी. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

सरकारला घाई असली की काम किती झपाट्याने होते, ते अमरावती-अकोला महामार्गावर सगळ्यांनी पाहिले. जुना ६ नंबर, आताचा ५३, कपाशीच्या मुलखातून जाणारा. वर्षानुवर्षे रखडलेल्या याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये एका पदराच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. कामगारांच्या त्या मेहनतीला आमचा सलाम. पण शेतकऱ्याच्या पैशाचा वेग किती? १९९७ साली राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३-जे घुसवले गेले. त्यामुळे कालव्यासाठी जमीन गेली तर ३० टक्के दिलासा रक्कम आणि व्याज, पण महामार्गासाठी गेली तर काही नाही, असा उफराटा न्याय देशात चालला. तो घटनाबाह्य आहे हे ठरायला १९ सप्टेंबर २०१९ उजाडावे लागले. तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दिला. म्हणजे २२ वर्षे! तरीही महामार्ग प्राधिकरण न्यायालयात गेलेच : हा निकाल फक्त पुढच्यासाठी लावा, मागचे देणे नको. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी ती मागणी फेटाळली गेली. डांबराला १०५ तास, दामाला २२ वर्षे.

राज्य सरकारही मागे नाही. २०१३ च्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची वाट उघडली. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने महामार्गांसाठी गुणांक २ वरून १ वर आणला आणि चौपटीची दुप्पट केली. त्यातही मूळ बाजारभाव धरायचा तो आजूबाजूच्या खरेदीखतांवरून. कोरडवाहू गावात वर्षाला व्यवहार किती होतात आणि खतावर आकडा काय लिहिला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून रडत बसायचे नाही. नकाशा कागदावर असतानाच गाठायचा. कलम ३-ए ची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. ती दोन वर्तमानपत्रांत छापतात, तुमच्या दारात येऊन कोणी वाचून दाखवत नाही. मोबदला ठरताना कलम ३-जी खाली शेताचे तुकडे झाल्याचे आणि उरलेल्या मिळकतीच्या नुकसानीचे पैसे मागता येतात. जो लेखी मागत नाही, त्याच्या नावापुढे शून्य पडते.

जिल्हा बैठकीसमोर आमच्या मागण्या अशा :

१. रुंदीकरण वा इंटरचेंजचा नकाशा अधिसूचनेआधी ग्रामसभेत मांडा, आमची प्रत्येक पांदण त्यावर दाखवा.

२. कापसाने भरलेली गाडी जाईल एवढ्या उंचीचा आणि पावसाळ्यात न तुंबणारा भुयारी रस्ता, तसेच दोन्ही बाजूंना सेवा रस्ता, मुख्य रस्त्याच्या आधी पुरा करा.

३. गुणांक २ धरा, आणि ज्या तुकड्यात औत फिरत नाही तो त्याच भावाने विकत घ्या.

४. १९९७ नंतर दिलासा रकमेवाचून गेलेल्या जमिनींची गाववार यादी जाहीर करा.

बैठकीला येताना सातबारा आणा, गावाच्या नकाशाची प्रत आणा. आणि हंगामात महामार्ग ओलांडणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सात दिवस मोजून तो आकडाही आणा. त्यांनी आम्हाला आठ मोजले आहे. आता आठांची जागा द्या!