आलेख काढण्याआधी प्रश्न विचारा



भूगोलाच्या पेपरात आलेखाचे गुण सहसा हातचे जात नाहीत. मुले पट्टी-पेन्सिल घेऊन सुबक स्तंभ उभे करतात. पण हा स्तंभ काय सांगतो, असे विचारले की गप्प होतात. म्हणून या महिन्यात मुलांसोबत घरीच एक उपक्रम करून पाहा.

2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 94 लाख 29 हजार होती आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची सुमारे 93 लाख 57 हजार. आलेख कागदावर 1 सेंमी = 10 लाख असे प्रमाण घ्या. दोन्ही स्तंभ सुमारे 9.4 सेंमीचे, जवळपास सारखेच येतील.

आता क्षेत्रफळ पाहा. पुणे जिल्हा 15,643 चौ. किमी, तर मुंबई उपनगर अवघे 446 चौ. किमी. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागले की पुण्यात दर चौ. किमीला सुमारे 603 माणसे येतात आणि उपनगरात सुमारे 21 हजार. उर्दूत आपण 'गुंजान आबादी' म्हणतो ना, तीच ही लोकसंख्येची घनता. 1 सेंमी = 2,000 असे प्रमाण घेतले, तर उपनगराचा स्तंभ साडेदहा सेंमी होतो आणि पुण्याचा जेमतेम 3 मिमी!

दोन्ही आलेख खरे आहेत. पहिला 'माणसे किती?' याचे उत्तर देतो, दुसरा 'दाटी किती?' याचे.

हीच घनता नकाशात छटांनी दाखवली की तो क्षेत्रघनी नकाशा. त्यात अख्ख्या पुणे जिल्ह्याला एकच छटा मिळते. पण पुणे-पिंपरी चिंचवडची गर्दी आणि वेल्ह्याच्या डोंगरातली विरळ वस्ती एकसारखी कशी असेल? तिथे टिंब पद्धत उपयोगी पडते. एक टिंब = 10 हजार माणसे धरली, तर सुमारे 943 टिंबे लागतील; शहरांभोवती दाट, डोंगरात तुरळक.

हा फरक गुणांपुरता नाही. दवाखाना, शाळा, एसटीची फेरी कुठे हवी, हे ठरवणाऱ्याने नुसती सरासरी पाहिली, तर डोंगरातल्या वाडीचे अंतर त्याला दिसणारच नाही.

तेव्हा वर्तमानपत्रात आलेख दिसला की मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा: आकडे कोणत्या वर्षाचे? प्रमाण काय? आणि ही एकूण संख्या आहे की सरासरी? अम्मी-अब्बूंनीही सोबत बसून उत्तरे शोधावीत.