सनद, परवाना आणि एक वर्षाची पदवी

दिवाळी सरली की कायद्याच्या शेवटच्या वर्षातली मुले अमेरिकेतल्या एलएलएमचे अर्ज भरायला बसतात. या स्तंभाकडे पालकांची पत्रे येतात तीही याच सुमारास, आणि बहुतेकांना एकच विचारायचे असते: एवढे वर्ष काढले की मुलगी न्यूयॉर्कमध्ये वकील होईल ना?

पदवी विद्यापीठ देते. वकिलीचा परवाना ज्या त्या राज्याच्या हाती असतो आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. न्यूयॉर्कचा नियम ५२०.६ परदेशी पदवीधराबद्दल दोन गोष्टी पाहतो. त्याचे शिक्षण कालावधीने आणि विषयांनी अमेरिकी पदवीच्या तोडीचे आहे का, आणि त्याच्या देशाचा कायदा इंग्लिश कॉमन लॉवर उभा आहे का. दोन्ही जमले तर एलएलएमशिवाय थेट बार परीक्षेला बसता येते. यांपैकी एखादीच बाजू लंगडी असेल, तर किमान २४ क्रेडिटचे, ठरावीक विषयांचे एलएलएम ती उणीव भरून काढते. जर्मनीच्या किंवा ब्राझीलच्या वकिलाला ही पदवी म्हणूनच लागते. आपला कायदा कॉमन लॉच्याच घराण्यातला, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ एलएलबींना ती लागत नाही. कॅलिफोर्नियात तर मायदेशची वकिलीची सनद चालू असली की परीक्षेचे दार उघडते.

नामांकित विद्यापीठांत नुसती फीच सत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या घरात जाते. राहणे-खाणे वेगळे. घर तारण ठेवून एवढे कर्ज काढण्याआधी न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळाकडे आपली कागदपत्रे तपासायला पाठवावीत, हे मुलांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवे. प्रवेश मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्यांकडून ती अपेक्षा करू नये. नोकरीचेही तसेच. तिथल्या मोठ्या फर्म मुख्यतः तीन वर्षांची जेडी करणाऱ्यांतून माणसे घेतात. एलएलएमवाल्याला शिक्षणानंतर कामासाठी साधारण वर्षभराची मुभा मिळते आणि पुढे एच-वन-बी व्हिसाची सोडत.

मग जाऊच नये का? शिकायला जायचे असेल तर जरूर जावे.

तिथली शिकवण्याची रीतच निराळी. हार्वर्डमधल्या लँगडेल या कायद्याच्या प्राध्यापकाने १८७० नंतर व्याख्यान बाजूला सारून मूळ निकालच विद्यार्थ्यांपुढे ठेवले. आजही तिथला प्राध्यापक वर्गात नाव घेऊन उठवतो आणि विचारतो, तथ्ये काय होती? न्यायाधीशांनी नेमके कशावर बोट ठेवले? त्यातले एक तथ्य बदलले तर निकाल टिकेल का? परीक्षेत तीन-चार पानी हकीकत देतात, बहुधा पुस्तके उघडी ठेवायची मुभाही असते, आणि त्या हकीकतीत दडलेले कायद्याचे प्रश्न आपणच हुडकायचे. कलमे पाठ करून पास झालेल्या आपल्या मुलाला पहिला महिना जड जातो. पुढे मात्र त्याची वाचण्याची रीतच बदलते.

आपलाच कायदा तिथे नव्याने कळतो, हे मला त्याहून मोलाचे वाटते. अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतले ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे कायदाच न्याय्य आहे का हे न्यायालयाने तपासण्याचा आधार, शिकताना जीवित आणि स्वातंत्र्याचे आपले एकविसावे कलम आठवल्याशिवाय राहत नाही. घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. न्यायालयांच्या हाती एवढे अधिकार देणे लोकशाहीला जाचक ठरेल, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले. तो शब्दप्रयोग आपल्या घटनेत आला नाही. १९५० च्या गोपालन खटल्यात तो नसण्याची किंमत दिसली आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाने त्याचा आशय मागच्या दाराने आत आणला. हा सारा प्रवास तिथल्या वर्गात बसून समजून घेणे वेगळेच. हार्वर्डला एलएलएम आणि डॉक्टरेट करून आलेल्या धनंजय चंद्रचूड यांच्या खासगीपणाच्या हक्कावरील २०१७ च्या निकालात अमेरिकी निवाड्यांची सखोल चर्चा आहे. ती वाचली की त्या शिक्षणाचा उपयोग दिसतो.

पण निकाल असा वाचायला शिकवण्यासाठी डॉलर लागत नाहीत. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाला १८५५ पासूनची परंपरा आहे, पुण्याच्या आयएलएसला १९२४ पासूनची. विद्यापीठांनी निदान एका विषयाच्या प्रश्नपत्रिकेतून ‘टिपा लिहा’ काढून टाकावे, तिथे एक लांबलचक हकीकत द्यावी आणि पुस्तके उघडू द्यावीत. सुरुवात करारांच्या कायद्यापासून करता येईल.